एम.ए. केलं ते शिवणवर्गात

बहात्तर सालच्या एप्रिलात माझी एम.ए.ची परीक्षा होती आणि जानेवारी संपत आला तरी मला अभ्यासाला बसायला जागा नव्हती. विषय अर्थशास्त्र. पहिलं वर्ष पुण्यात वसतिगृहात राहून केलं. दुसऱ्या वर्षी तिथे खोली मिळाली नाही, म्हणून बाहेरून परीक्षा द्यायचं ठरवून पुस्तकांची ट्रंक घेऊन दादाकडे आले. दादा कोपरगावजवळच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. वसाहतीतल्या दोन खोल्या. त्यात तो, वहिनी, त्यांची दीड वर्षाची मुलगी आणि आता मी.

बाहेरच्या खोलीत ट्रंकेचंच टेबल केलं. वहिनी स्वभावाने वाईट मुळीच नव्हती, पण मी पुस्तक उघडलं की तिला काहीतरी सांगायचं असे. "वन्सं, एवढं दूध बघता?" "वन्सं, हिला धरा, मी पाणी भरून येते." पाणी भरून आली की नळावर कोण काय बोललं ते. शेजारणी आल्या की त्यांना ती खुशाल माझ्यासमोर बसवायची. "बसा हो, वन्सं वाचतायत, त्यांना काही त्रास नाही." दादाची तऱ्हा वेगळी. ड्यूटीवरून आला की बूट काढायच्या आधी माझ्या पुस्तकात डोकावायचा. "कुठवर आलं?"

कुठवरही आलेलं नव्हतं. मागणीच्या लवचिकतेचं एकच पान मी आठवडाभर वाचत होते. जेवताना घास तोंडात फिरायचा. विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा आणि त्याच्याकडे बघत मी उरलेले दिवस मोजायचे.

मग घरामागच्या कडुलिंबाखाली सतरंजी टाकली. गळीत हंगाम जोरात होता. धुराड्यातून उडालेली काजळी पानावर पडायची आणि झटकायला गेलं की फासली जायची. ते सोडून वसाहतीच्या वाचनालयात गेले. तिथल्या वयस्कर कारकुनांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अजून किती शिकणार? घरचे स्थळं बघतायत की नाही?" दुसऱ्या दिवशी तर ते एका स्थळाची माहितीच घेऊन आले. मी पुस्तक मिटलं आणि परत आले.

दारातच वहिनी मुलीला पुढे करत म्हणाली, "बरं झालं लवकर आलात, हिला जरा—"

"या घरात मला एक तास तरी मिळेल का?" मी ओरडले. मुलगी दचकून रडायला लागली. वहिनी तिला घेऊन आत गेली. मला स्वतःची लाज वाटली, पण थांबायचं बळ नव्हतं. तशीच बाहेर पडले.

वसाहतीच्या टोकाला महिला मंडळाची लांब खोली होती. दुपारी तिथे शिवणवर्ग चाले. आतून दहा-बारा मशिनांचा खडखडाट येत होता. का कोण जाणे, मी दारात उभी राहिले. गळ्यात टेप अडकवलेल्या शिवणाच्या बाई पुढे आल्या.

"प्रवेश संपले."

"मला शिवण नाही शिकायचं. नुसतं बसायचंय. वाचायला."

त्यांनी पुस्तक पाहिलं, मग माझा चेहरा. मी रडण्याच्या बेतात होते, ते त्यांना दिसलं असावं. "त्या कोपऱ्यातलं मशीन दुरुस्तीला गेलंय, टेबल रिकामं आहे. बसा. पण इथं गप्पा मारलेल्या मला चालत नाहीत."

"म्हणूनच आले," मी म्हणाले.

त्या खडखडाटात मला कुणी हाक मारत नव्हतं. मारली असती तरी ऐकू आली नसती. पाय आपोआप पायडलवर गेले, ते हलत राहिले आणि मी वाचत राहिले. बाईंनी दिवे मालवले तेव्हा अख्खं प्रकरण संपलं होतं.

असे आठ-दहा दिवस गेले. मग एका दुपारी मान वर केली तर दारात वहिनी. वेणी घातलेली, कडेवर मुलगी, हातात ब्लाउजपीस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथेसुद्धा!

उठून बाहेर गेले. "घरी काही काम होतं का?"

"नाही. नाव घालायला आलेय. एका बाईंनी सोडलंय, त्यांचं मशीन मोकळं आहे."

"तुम्हाला कशाला शिवण?"

ती ब्लाउजपीसच्या घड्या चाळवत म्हणाली, "तुमचे दादा ड्यूटीवर जातात, तुम्ही इथं येता. लग्नाला चार वर्षं झाली, वन्सं. तुम्ही आलात तेव्हा वाटलं होतं, बोलायला कुणीतरी आलं."

तिची दया आली आणि रागही गेला नाही. शेवटी म्हणाले, "येता-जाता वाटेत हवं तेवढं बोला. आत एक शब्द नाही." तिने मान हलवली.

तिने शब्द पाळला. मुलीने मात्र पाळला नाही. दुसऱ्याच दिवशी ती माझ्या टेबलाखाली शिरून पुस्तकाची पानं ओढू लागली. मी कपाळाला हात लावला तेव्हा शेजारच्या मशिनावरची बाई म्हणाली, "द्या हिकडं पोरीला. आमी बघतो आळीपाळीनं. तुमाला परीक्षा हाय ना?" तेव्हापासून ती कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असायची, कधी चिंध्यांच्या ढिगात झोपलेली.

वाटेवर वहिनी इतकं बोलायची की कान किटायचे. तिच्या माहेरची खडानखडा माहिती मला त्या महिन्यात झाली.

परीक्षा दिली. दुसरा वर्ग मिळाला. निकालाचं पत्र वाचून दादा म्हणाला, "पहिला हुकला. घरी नीट बसली असतीस तर मिळाला असता."

"घरी बसल्या असत्या तर नापास झाल्या असत्या," वहिनी मुलीला मांडीवर थोपटत म्हणाली. तिने त्याला उलट बोललेलं मी प्रथमच ऐकलं. दादा आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चहा टाका कुणीतरी." आम्ही दोघीही लगेच उठलो नाही.