उष्टे लाडू

कृष्णकांत चौबळ एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण माणूस अजून ड्युटीवरच होता. आपण गाडीत चढलो की विनातिकीट प्रवासी आपणहून खिडकीबाहेर बघायला लागायचा, असं ते सांगत. "चोर तोंडावरून कळतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. घरात चोऱ्या करणारं कोणी नव्हतं, बायको वसुंधरा आणि एकुलता एक निनाद. तरी घरचीही तपासणी चुकत नसे. निनाद शाळेत असताना त्याची नखं, त्याचं दप्तर, दारातल्या चपलांची रांग, साखरेच्या डब्याचं झाकण नीट लागलंय की नाही, सगळं रोज. पनवेलच्या त्यांच्या आळीत लोक आपल्या पोरांना म्हणत, "चौबळांचा निनाद बघ, आवाज तरी ऐकू येतो का त्याचा?" हे कानावर आलं की कृष्णकांतांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

अशा या माणसाला एकच गोष्ट खुपत होती. निनाद आणि त्याची बायको चारुता कामोठ्याला राहायची, रिक्षानं वीस मिनिटं. तरी त्यांची मुलगी मिताली एक वर्षाची असल्यापासून पाळणाघरात जायची. आता सात वर्षांची झाली, तरी शाळा सुटली की पाळणाघर, सुट्टी लागली की दिवसभर पाळणाघर. "सख्खे आजीआजोबा धडधाकट असताना पोर परक्या बाईच्या दारात!" वडाळे तलावावर फिरताना कृष्णकांत हे रोज कोणा ना कोणाला ऐकवत. हा सुनेचा कारभार आहे हे त्यांनी चौकशीशिवायच ठरवून टाकलं होतं. बँकेत नोकरी, इंग्रजीत बोलणं, तिला सासरची माणसं कशाला हवीत? तोंडावर ते तिला काही बोलले नाहीत. फक्त तिचा फोन आला की एक शब्दही न बोलता तो वसुंधराबाईंच्या हातात द्यायचे. सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

यंदा मे महिन्यात पाळणाघरवाल्या बाईंच्या घरी लग्न निघालं. चारुताचं ऑडिट होतं, निनादला रजा मिळेना. एका बुधवारी सकाळी निनाद मितालीला घेऊन दारात उभा राहिला.

"फक्त आजचा दिवस, अप्पा. उद्याचं बघू," तो उंबऱ्यातूनच म्हणाला.

कृष्णकांतांनी मनाशी ठरवलं, आजचा दिवस असा झाला पाहिजे की पोरगी संध्याकाळी घरी जायला नाही म्हणाली पाहिजे. मग बघू पाळणाघर कसं चालतं ते.

अकरा वाजेपर्यंत मितालीचं कार्टून बघून झालं, गॅलरीतून खालच्या रिक्षा मोजून झाल्या. मग ती आजीला चिकटली. "आजी, आपण लाडू करू या ना! शेंगदाण्याचे. टीचर म्हणाल्या, ते मुलांनापण येतात."

"करू या गं, पण माझा हात बघ." महिन्यापूर्वी रिक्षातून उतरताना पडून वसुंधराबाईंचा उजवा हात मोडला होता, तो प्लॅस्टरमध्ये होता. "मी सांगते कसे करायचे. हात मात्र आजोबांचे घ्यावे लागतील."

तर अशा रीतीनं कृष्णकांत चौबळ स्वयंपाकघरात शिरले. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि या खोलीत ते आजवर फक्त पाहणीसाठी येत असत.

वसुंधराबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. आयुष्यात अशी संधी पहिल्यांदाच आली होती, त्यांनी ती मुळीच वाया घालवली नाही. "गॅस बारीक. अजून बारीक. सारखे हलवा, नाहीतर करपतील आणि कडू लागतील. इकडे कुठे बघताय? कढईत बघा." कृष्णकांत घामाघूम होऊन शेंगदाणे परतत राहिले. शेंगदाण्यांवर डाग पडून खमंग वास सुटला तेव्हा त्यांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू आता कोणीतरी शिक्का मारून द्यावा.

दाणे निवल्यावर खरी मजा सुरू झाली. मितालीनं ते दोन्ही तळव्यांत घेऊन चोळले, सालं सुटली. मग गॅलरीत सूप नेऊन ती गाल फुगवून फुंकर मारायला लागली. आजोबा सूप धरून समोरच उभे होते, त्यामुळे सगळी सालं त्यांच्या टकलावर, चष्म्यावर, बनियनवर. चपलांची रांग बोटभर वाकडी झाली तर ज्याचं जेवण अडायचं तो माणूस सालांत माखून खो खो हसत होता. वसुंधराबाई बघतच राहिल्या.

दाणे मिक्सरमधून भरड काढले. चिरलेला गूळ त्यात घातला, चिमूटभर वेलची, चमचाभर पातळ तूप. "तूप थोडंच हं. मुठीत दाबून लाडू वळला की बास," वसुंधराबाई म्हणाल्या. मितालीनं परातीत दोन्ही हात घातले. एक मूठ दाबली की एकदा बोट चाटायचं, असा तिचा हिशेब होता. चाटलेला हात परत परातीत.

'उष्टं' हा शब्द कृष्णकांतांच्या ओठांवर आला. त्यांनी तो गिळला. तेवढ्यात मितालीनं त्याच चिकट हातानं गुळाचा खडा त्यांच्या तोंडात कोंबला, तोही त्यांनी गिळला, आणि गंमत म्हणजे तो गोड लागला. आपण किती बदललो, असं वाटून त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं. आणि त्या कौतुकाच्या भरात त्यांची जीभ सैल सुटली.

"तुझ्या बाबाची एक गंमत सांगू?"

"अहो, ती नको," वसुंधराबाई लगेच म्हणाल्या.

पण ती गोष्ट त्यांची हातखंडा होती. तेहतीस वर्षं त्यांनी ती लग्नात, मुंजीत, डेपोच्या कँटीनमध्ये सांगितली होती आणि प्रत्येक वेळी लोक हसले होते.

"तुझा बाबा तेव्हा आठ वर्षांचा. घरी गणपती. आरतीच्या प्रसादाला यानं आजीबरोबर हेच लाडू केले होते, स्वतःच्या हातानं. घर माणसांनी भरलेलं. मी आरतीचं तबक घ्यायला आत आलो, बघतो तर साहेबांच्या ओठाला दाण्याचा कूट! नैवेद्य दाखवायच्या आधीच एक लाडू अर्धा फस्त. मी काय केलं माहितीये? तो उष्टा लाडू त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याला तसाच बाहेर नेऊन मखराशेजारी उभा केला. म्हटलं, बघा हो, गणपतीच्या आधी कोण जेवलं ते! सगळी आरती होईपर्यंत हा हात पुढे करून उभा. काय हसले लोक!"

ते स्वतः हसले. मिताली हसली नाही.

"मग बाकीचे लाडू?"

"ते कसे चालतील? उष्ट्या हाताचे ना सगळे! परात उचलली आणि खाली गाईला घातले. मी बाजारातून पेढे आणले."

"सगळे? बाबांनी केलेले सगळे?"

"हो."

"कसे झाले होते?"

तेहतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "कोण जाणे," ते म्हणाले. "कोणी खाल्लेच नाहीत."

मितालीनं उलट्या हातानं ओठ पुसले. एकदा पुसले, मग फ्रॉकच्या बाहीनं पुन्हा एकदा नीट पुसले आणि आजोबांकडे पाहिलं. त्यानंतर तिनं एकदाही बोट चाटलं नाही. बोलणंही बंद झालं. खाली मान घालून ती लाडू वळत राहिली, आणि हा काय प्रकार झाला हे कृष्णकांतांना कळेना. मग कळलं. सकाळपासून टकलावर सालं उडवणारी पोर पाच मिनिटांत चौबळांच्या घरातली झाली होती.

"अगं, खा की," ते म्हणाले. "आज गणपती कुठे आहेत?"

"नको," ती म्हणाली.

आणि या सगळ्यात तिच्या कोपराचा धक्का लागला. ओट्यावर वळून ठेवलेल्या लाडवांचं ताट खाली गेलं. लाडू फुटले, कूट फरशीभर झाला, तुपाची वाटीही त्याच्या मागोमाग उलटली. मिताली भिंतीला टेकली. तिच्या डोक्यावरच्या खिळ्याला फडकं होतं, ते काढायला कृष्णकांतांनी हात वर केला.

"मी सांडलं! अप्पा, मी सांडलं, तिनं नाही!"

दारात निनाद होता. रजा नाही म्हणणारा मुलगा अर्ध्या दिवसातच कसा आला कोण जाणे. वाऱ्यासाठी दार उघडंच ठेवलेलं होतं, त्यामुळे बेल वाजली नव्हती. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, दोन ढांगांत आत आला आणि बाप आणि मुलगी यांच्यामध्ये फरशीवर गुडघे टेकून कूट गोळा करायला लागला. "मी भरतो, लगेच भरतो," म्हणत तो भराभर ओंजळी ताटात टाकत होता. आत्ता दारातून आलेल्या माणसानं लाडू कसे सांडले असतील, हे त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं.

कृष्णकांतांचा हात फडक्यासकट वरच राहिला. तो खाली आणायचीही त्यांना भीती वाटली.

"अरे, फडकं काढत होते," वसुंधराबाई हळूच म्हणाल्या.

निनादचे हात थांबले. त्यानं वर पाहिलं, फडकं पाहिलं, मग तो कसनुसा हसला. "हो का. मला वाटलं..." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. मुलीला उचलून तो तिचे हात धुवायला मोरीकडे घेऊन गेला.

चोर तोंडावरून कळतो म्हणणाऱ्या कृष्णकांतांना आत्ता दिसलेलं तोंड चांगलं ओळखीचं होतं. मुलगा समोर आला की तो चेहरा ते वर्षानुवर्षं बघत आले होते. त्याला ते आदर समजत होते. लोकांनाही सांगत होते, माझ्या मुलाला माझा केवढा आदर आहे म्हणून. त्यांना लाज वाटली. बायकोच्या समोर कुठे बघावं हेही सुचेना.

"चारुताला उगाच दोष देता तुम्ही," वसुंधराबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "ती पहिल्यापासून म्हणते, मितालीला आजीकडे ठेवू. तोच नको म्हणतो."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला कोण बोलतं?"

सहा वर्षं सुनेचा फोन तोंड फिरवून पुढे केलेला त्यांना आठवला. तलावावरच्या निदान वीस माणसांसमोर त्यांनी तिचे वाभाडे काढले होते. त्या वीस जणांना आता काय सांगायचं?

पाचसहा लाडू परातीत शाबूत होते. हात धुऊन आलेल्या मितालीनं त्यातला एक उचलला आणि बाबाला दिला. "मी आणि आजोबांनी केलाय. खा."

निनादनं तो तळहातावर घेतला. आणि तसाच उभा राहिला, हात थोडा पुढे करून. त्याला ते कळलं असेल का, देव जाणे. कृष्णकांतांना मात्र मखर दिसलं, समया दिसल्या, हसणारी माणसं दिसली. त्यांना म्हणायचं होतं, निनाद, त्या दिवशी माझं चुकलं. सत्तर वर्षांत कधी न वापरलेले शब्द, ते काही बाहेर पडेनात.

"खा ना," एवढंच ते म्हणाले.

निनादनं लाडू तोंडात टाकला. अख्खा. भराभर चावला, कण न सांडता, आणि ओठ पुसले. "छान झालाय, अप्पा."

त्यांना तर विनवणी करायची होती. मुलानं हुकूम ऐकला होता.

चार वाजता निनाद निघाला. मिताली चपला घालताना म्हणाली, "बाबा, उद्यापण येऊ? आजी म्हणाली रव्याचे शिकवते."

"बघू," निनाद म्हणाला.

या 'बघू'चा अर्थ आज कृष्णकांतांना कळत होता. ते दारापर्यंत गेले. वाकड्या पडलेल्या चपलांकडे त्यांनी पाहिलं आणि तशाच राहू दिल्या.

"निनाद, त्या गणपतीत मी जे केलं..." ते उंबरा ओलांडून बाहेर आले. "वाईट केलं. लोकांना सांगत फिरलो, ते त्याहून वाईट. आज हिलाही सांगितलं."

निनाद जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. "असू दे, अप्पा. जुनं झालं ते."

"तिला उद्या आण. पण सोडून जाऊ नकोस. तूही ये. स्वयंपाकघरात बस, मी तिच्याशी कसा वागतो ते बघ. नीट लक्ष ठेव माझ्यावर."

बोलून झाल्यावर त्यांच्या मनात एक आशा डोकावली, अगदी लहान मुलासारखी. मुलगा म्हणेल, काहीतरीच काय अप्पा, तुमच्यावर कसलं लक्ष ठेवायचं, ठेवतो की तिला बिनधास्त.

निनादनं वडिलांकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "मी उद्या रजा टाकतो."