हवालदारकाकूंच्या टोपल्या

आमच्या शेजारच्या हवालदारकाकूंइतकी भयंकर स्मरणशक्ती असलेलं दुसरं माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात नाही, आणि नाही हे जिल्ह्याचं नशीबच म्हणायचं. बेटेगावच्या आमच्या इमारतीत कुणी कुणाकडून विरजण नेलं, कुणाच्या साखरपुड्यात बासुंदी पातळ झाली होती, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्या घरची वाटी ठेवून घेण्याची तर कुणाची छाती नाही. माझ्या बायकोनं एकदा त्यांचा डबा परत करायला जरा उशीर केला, तर भर हळदीकुंकवात सगळ्या बायकांसमोर, "वहिनी, आमचा बोंबलाचा डबा तुमच्या फळीवर रव्यामागं हाय," असं ऐकून घ्यावं लागलं. डबा रव्यामागेच होता.

काकू मूळच्या किनाऱ्यावरच्या घिवलीच्या. बोलणं समुद्राच्या वाऱ्यावरून हाक मारल्यासारखं. पोलीस ठाण्यात त्यांच्याकडे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचं काम. त्या मुलांचे फोटो, बोटांचे ठसे, नाव-पत्ता असं ओळखीचं जे काही गोळा होईल, ते काकूंच्या कपाटात जायचं आणि कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला. मूल आणलं की त्या खाकी उतरवून साडी नेसायच्या, कारण मुलांसमोर वर्दी नको असा नियमच आहे. बाकीचे तो नियम आठवला तर पाळत; काकू तो सणासारखा पाळत. कुणी चुकून "आरोपी" म्हणालं तर साहेबांचीही गय नसे. "साहेब, आरोपी नाय. बालक." साहेब मुकाट्यानं "बालक" म्हणायचे.

मुलांची प्रकरणं निकाली निघाली, अपिलाची मुदत टळली, की बाल न्याय मंडळाच्या हुकमानं ते कागद नष्ट करायचे असतात. दुसरा कुणी असता तर काडी लावून मोकळा झाला असता. काकूंचा जाळण्यावर विश्वास नव्हता. "आमच्याकडचा वारा तुमाला ठाऊक नाय. अर्धं जळकं नाव उडून कुणाच्या अंगणात पडंल!" म्हणून त्या साहेबांसमोर कागद बारीक फाडून ठाण्यामागे बादलीत भिजत घालत आणि पार लगदा होईपर्यंत कुटत. संगणकातलं पुसताना तर संगणकवाल्याच्या खुर्चीमागे उभ्या राहून त्याला घाम फोडत. उरलेला लगदा घरी येई. त्यात मेथीचं पीठ मिसळून, पालथ्या पातेल्यावर थापून, काकू त्याच्या टोपल्या करत. आमच्या इमारतीतले लसूण-कांदे कैक वर्षं त्या टोपल्यांत नांदताहेत.

या टोपल्यांवरून मीही त्यांची पुष्कळ चेष्टा केली. माझ्या बहिणीचा मुलगा त्यांच्यासमोर बाकावर बसेपर्यंत. नववीत होता. बोईसरच्या एका बंद पडलेल्या शेडमधून मित्रांबरोबर तांब्याची तार काढताना सापडला. मी धावत ठाण्यात पोहोचलो तेव्हा एक नवा शिपाई मोबाइल उगारून त्याचा फोटो काढत होता, बहुतेक गावभर पाठवायला. काकू पदर पसरून मध्ये उभ्या राहिल्या. "फोटो काडाचा हाय? माझा काड. लग्नानंतर कुणी काडला नाय." शिपायानं मोबाइल खिशात घातला. पोराला त्यांनी आधी चहा-पाव दिला, मग रागावल्या, आणि मग मला म्हणाल्या, "भावजी, रडू नका. पोर हाय. ह्याच्या कपाळावर काय लिवू द्यायची नाय मी."

मंडळानं समज देऊन त्याला घरी सोडलं. पुढे तो आयटीआय झाला आणि परवा तारापूरला वीजकेंद्रातल्या एका ठेकेदाराकडे त्याला काम लागलं. मधे पोलीस पडताळणी होती. तेवढे दिवस माझ्या बहिणीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. दाखला कोरा आला, गुन्ह्याची कसलीही नोंद नाही. बहीण तो कागद छातीशी धरून रडली आणि म्हणाली, "आधी काकूंकडे जा."

आम्ही पेढे घेऊन गेलो. काकू आता निवृत्त आहेत, गुडघ्यांनी संप केलाय. भाचा पाया पडला. काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "नाव काय रे बाळा तुझं? कदी बगितला नाय तुला."

मी थक्क झालो. रव्यामागचा डबा आठवणारी ही बाई! भाच्यानं नाव सांगितलं. काकूंनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं, फळीवरची एक टोपली उतरवली, चिकूंनी भरली आणि त्याच्या हातात दिली. "टोपली परत आणू नको. तुझीच हाय ती."

जिना उतरताना भाच्यानं टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. मला वरून हाक आली, "भावजी, परवाची आमटीची वाटी पाठवा!"

वाटी मी लगेच न्यायला निघालो. काकूंची वाटी रिकामी कशी द्यायची, म्हणून बायकोनं ती साखरेनं काठोकाठ भरली. जिना चढताना ती सांडू नये म्हणून मी हळूहळू चढत होतो, आणि डोळे भरून आल्यामुळे तेही जमत नव्हतं.