जीपीएसमधल्या जागा

शांती नगरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा उत्तनकडचे एक नाखवा होडीवरचा जुना जीपीएस घेऊन आले. त्याची स्क्रीन पुसट होत चालली होती आणि मासे लागणाऱ्या सगळ्या जागा त्यातच साठवलेल्या होत्या.

"ह्या गेल्या तर माझ्याकडं दुसरं काय न्हाय," ते म्हणाले.

मी केबल जोडली, पण कॉम्प्युटरनं जीपीएसला कुठला पोर्ट, म्हणजे जोडणीचा कुठला क्रमांक, दिलाय तेच कळेना. कॉम्प्युटरमधली पोर्टची यादी उघडली, तर चार नावं. मग मी नाखवांनाच केबल काढायला सांगितली. यादीतून ‘कॉम सात’ नाहीसा झाला. त्यांनी केबल परत लावली आणि तो पुन्हा दिसला.

"ह्योच हाय!" माझ्याआधी तेच ओरडले.

मी तो पोर्ट निवडला आणि एकेक जागा कॉम्प्युटरवर उतरू लागली. नाखवा स्क्रीनवर बोट ठेवून नावं वाचत होते. एका नावाशी थांबले. "ही बाबानं दाखवली होती."

मी सीडी करायला घेतली.

"दोन कर," ते म्हणाले. "एक माझ्या पोरीला. ती पण येते आता दर्यावर."