शालींचा हिशेब

लुंबिनी सोनकांबळे ही मूळची अहमदपूरची. वडील केरबा एसटीत वाहक. लातूरला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती आणि मनिषा नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली करून राहत होती. स्वभावाने शांत. पण हिशेबात रुपयाचा घोळ दिसला की तिचं जेवणात लक्ष लागत नसे.

फीसाठी तिला एका विद्यार्थी सहाय्य मंडळाकडून पाच हजार मिळाले होते. मदत घेणाऱ्या मुलांनी सुट्टीत पावती पुस्तक घेऊन वर्गणी गोळा करायची, असा मंडळाचा नियम होता. लुंबिनीने अहमदपूरला आपल्या गल्लीत दारोदार फिरून अकरा हजार तीनशे चाळीस रुपये जमवले. त्यातले दोनशे सरजाबाईंचे. सरजाबाई खानावळीत भाकरी थापायच्या. त्यांनी नोटा दोनदा मोजून दिल्या आणि पावती चोळीत ठेवली.

पुढे लुंबिनी गावी आली की सरजाबाई ओट्यावरूनच विचारायच्या, "पोरी, माझ्या दोनशाचं काय झालं गं?"

"गरीब पोरांना दिले असतील, मावशे."

"असतील म्हंजी? तुला म्हाईत न्हाई?"

तिला खरंच माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा हा प्रश्न आला तेव्हा ती लातूरला परतल्याबरोबर गंजगोलाईतल्या उमाशंकरअप्पांच्या दुकानात गेली. अप्पा कापडाचे व्यापारी आणि मंडळाचे अध्यक्ष. दुकानाच्या माडीवर मंडळाचं कार्यालय होतं.

"अप्पा, मंडळाचा वर्षाचा हिशेब बघायचा होता."

अप्पांचा चेहरा उजळला. "वा! अशी जागरूक पोरं पायजेत समाजाला!" त्यांनी चहा मागवला, खालून एक शाल मागवली, तिच्या खांद्यावर टाकली आणि फोटो काढून घेतला. ती जिना उतरेपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडलासुद्धा. खाली लिहिलं होतं, 'जागरूक विद्यार्थिनीचा यथोचित सत्कार.' हिशेब मात्र राहिलाच.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा गेली. या खेपेला शालीबरोबर नारळ मिळाला. तिसऱ्या वेळी तिने लेखी अर्ज दिला, पोच मागितली. अप्पांनी तो अर्ज दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवला, अक्षराचं कौतुक केलं आणि तिसरी शाल दिली.

"अजून एकदा विचार की," मनिषा म्हणाली. "थंडी सुरू व्हायलीय. मलाबी एक लागतीय."

लुंबिनीला हसू आलं नाही. तिने त्या शाली घडी करून ट्रंकेत टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी धर्मादाय कार्यालयात जाऊन मंडळाच्या हिशेबपत्रकाच्या नकलेसाठी अर्ज केला. शुल्क भरलं. आठवड्याने नक्कल हातात आली. दोघी मैत्रिणी कॉटवर बसून वाचू लागल्या.

वर्षाची जमा आठ लाख त्रेसष्ट हजार. त्यातून अडतीस विद्यार्थ्यांना मदत, एक लाख नव्वद हजार. फोटो व बॅनर, एक लाख एकवीस हजार. इतर, ऐंशी हजार. आणि सत्कार व समारंभ, चार लाख बहात्तर हजार.

"एवढे सत्कार कुणाचे केले?" मनिषाने विचारलं.

"त्यातले तीन माझेच," लुंबिनी म्हणाली आणि तिला रडूच आलं.

जानेवारीत मंडळाचा वार्षिक सोहळा होता. जागरूक म्हणून नाव झाल्यामुळे विद्यार्थ्यांचं मनोगत मांडायला अप्पांनी तिलाच बोलावलं. सरजाबाई अर्ध्या तिकिटात खास अहमदपूरहून आल्या. व्यासपीठावर तेवीस पाहुणे होते. त्यांचे सत्कार संपायला सव्वा तास लागला.

लुंबिनी माइकपुढे उभी राहिली. तिने पर्समधून कागद काढला आणि आकडे वाचायला सुरुवात केली. सभागृह टाळ्यांना इतकं सरावलं होतं की जमेचा आकडा ऐकून टाळ्या पडल्या. बॅनरच्या आकड्याला पडल्या. सत्काराच्या आकड्याला तर सगळ्यात जास्त पडल्या. अप्पाही वाजवत होते. तेवढ्यात मधल्या रांगेतून सरजाबाई उभ्या राहिल्या.

"म्हंजी माझ्या दोनशातले पोरांना चव्वेचाळीसच गेले का?"

टाळ्या थांबल्या. लुंबिनीने मनात भागाकार केला. बरोबर चव्वेचाळीस.

"अप्पा, बाकीचे कुठं हायत?" सरजाबाईंनी विचारलं.

अप्पा उठले. त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, दुखावलेपण होतं. "बाई, देवाशपथ, शाली आपल्याच दुकानातल्या हायत. घाऊक भावात लावल्यात. एक पैसा जास्तीचा घेतला न्हाई."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं सभागृहच हसलं. पाहुण्यांपैकी दोघांनी हळूच अंगावरच्या शाली काढून मांडीवर घेतल्या.

त्या संध्याकाळी लुंबिनीला ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं. पुढच्या वर्षीची फी कशी भरायची, या विचाराने तिचे पंधरा दिवस वाईट गेले. सोळाव्या दिवशी अप्पांचा फोन आला. ती दुकानात गेली. या खेपेला चहा आला नाही.

"तुला पायजे काय नेमकं?" अप्पांनी विचारलं.

"जमाखर्च फळ्यावर लिहून खाली दुकानाबाहेर लावा. दर महिन्याला."

"म्हंजी माझ्यावर विश्वास न्हाई?"

"पप्पावर माझा लई विश्वास हाय, अप्पा. पण त्यांची बॅग बी डेपोत रोज तपासतात. ते कधी रुसले न्हाईत."

अप्पा गिऱ्हाइकाने विस्कटलेल्या ताग्याची घडी घालत बसले. मग "बघू" म्हणाले. आठ दिवसांनी फळा लागला. पुढच्या वर्षी सत्कार बंद झाले आणि मदत चौऱ्याऐंशी मुलांपर्यंत पोचली. सोहळ्याला मात्र तेविसांपैकी तीनच पाहुणे आले. अप्पा तिला हळू आवाजात म्हणाले, "बघ, शाल न्हाई तर माणूस न्हाई." त्यांचा चेहरा पाहून लुंबिनीला वाईट वाटलं.

पण हे सगळं पुढचं. फळा लागला तेव्हाच ही गोष्ट अहमदपुरात तिच्या आधी पोचली होती. मार्चमध्ये सुट्टीत ती घरी आली तर गल्लीतल्या बायका ओट्यावर वाट बघत होत्या. गेल्या वर्षीच्या जयंतीच्या वर्गणीचा हिशेबही आता असाच फळ्यावर लागला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. जयंती कमिटीचे खजिनदार होते केरबा.

"घरातल्या घरात कशाला?" केरबा म्हणाले.

"पप्पा, वर्गणी घरातली न्हाई, गल्लीची हाय."

तीन दिवस केरबा पत्र्याच्या डब्यातल्या चिठ्ठ्या जुळवत बसले. मंडप, निळे झेंडे, साऊंड, खीर. साऊंडवाल्याने पावतीच दिली नव्हती. शेवटी सहाशे चाळीस रुपयांचा हिशेब लागेना. केरबांनी ते निमूटपणे आपल्या पगारातून भरले आणि विहाराच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने हिशेब लिहिला. 'खजिनदाराकडून येणे ६४०, जमा' अशी ओळही लिहिली. दोन दिवस ते लेकीशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुझं हे बीकॉम अजून किती दिवस हाय?"

"एक वर्ष. मग एमकॉम करायचंय."

केरबांनी कोरड्यासात भाकरी कुस्करली आणि बायकोला म्हणाले, "साऊंडवाल्याला सांगून ठेव. औंदा पावतीबुक घेऊनच ये म्हणावं."