पार्थेनॉनचे आठ खांब

सुतारकाकांनी शाळेत तीस वर्षं काढली. बाकं, फळे, दारं, सगळं त्यांच्याच हातचं. वाकडं काम दिसलं की त्यांना अन्न गोड लागायचं नाही. कुणाकडे चहाला गेले तरी आधी दाराची चौकट बघणार. पण डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून दिवस फिरले. गेल्या महिन्यात नवा फळा चांगला बोटभर उतरता बसला. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सांगितलं, आणखी एक चूक झाली तर दुसरा माणूस बघावा लागेल. बायकोला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

नेमकं तेव्हाच इतिहासाच्या तरुण सरांनी पार्थेनॉनच्या दर्शनी भागाचं लाकडी मॉडेल मागितलं. ग्रीक लोकांचं जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचं देऊळ, समोर आठ खांब. सरांनी दिलेल्या चित्रात सगळे खांब वरच्या टोकाला आत कललेले. काका मनात हसले. पोराला साधी रेघ ओढता येत नाही, असं स्वतःशीच म्हणाले, आणि आठही खांब ओळंब्यात सरळसोट उभे केले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्यांना सांगायला तिथे कुणी नव्हतं.

धड्याच्या दिवशी बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. काका हत्यारांची पिशवी घेऊन दाराशी उभे. सर मुलांना सांगू लागले, खऱ्या देवळाचे खांब सरळ दिसतात, पण कारागिरांनी ते मुद्दाम किंचित आत कलवलेत. तुम्हाला दिसावं म्हणून या मॉडेलमध्ये आपण कल जरा जास्त ठेवलाय. सरांनी एका मुलीच्या हाती ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, दिला. तिने दोरी खांबाच्या टोकाला आतल्या बाजूने धरली, आणि दोरी तळापर्यंत खांबाला चिकटून राहिली.

"सर, हा तर सरळ आहे," ती म्हणाली.

बाई उठल्या. "काका, पुन्हा डोळ्यांनी दगा दिला ना?" आवाज मऊ होता, आणि तेच भयंकर होतं. हो म्हटलं असतं तर सगळे हळहळले असते आणि काकांना मानाने घरी पाठवलं असतं.

"डोळ्यांनी नाही, बाई. तिरकं नीट दिसलं होतं. मला वाटलं सरांचंच चुकलं. म्हणून मी सुधारलं."

"विचारलं का नाही?"

काका मॉडेलजवळ आले. मग ती मुलगीच म्हणाली, आता तिरका करून दाखवा की. काकांनी पिशवीतून करवत काढली, खांब सोडवला, चित्राकडे एकदा बघितलं. तीस वर्षांची सवय करवत सरळच ओढायला बघत होती. तळ तिरका कापून त्यांनी खांब उभा केला. या वेळी दोरी तळापासून दूर लोंबली. सरांनी पट्टी लावली, चित्राशी ताडून पाहिलं, पुन्हा लावली. केसभरही फरक नव्हता.

बाईंनी दोरी स्वतः धरून पाहिली.

"उरलेले सात सोमवारपर्यंत द्या," त्या अखेर म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी आधी विचारा."

पुढची वेळ आहे म्हणजे, एवढंच काकांना ऐकू आलं. ते मुलांच्या देखत खाली जमिनीवर बसले.