नाल्यापलीकडची झाडे

मंगली पंधरे पहिल्यांदा लक्षात राहिली ती शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरासमोर भांडताना. केशोरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची शाळा. जन्माचे दाखले कुणाकडेच नसत, म्हणून गोवर्धन गुरुजी सरसकट एक जून लिहीत. त्या वर्षी पहिलीत आलेली आठही मुले एक जूनला जन्मली होती. मंगलीच्या दुर्गाचीही तशीच नोंद झाली आणि गुरुजींनी अंगठ्यासाठी शाई पुढे केली.

"आधी वाचून दाखवा," मंगली म्हणाली.

गुरुजींनी वाचले.

"जूनमधी कशी झाली? माही पोरगी मोहाच्या दिवसात झाली. टोपली झाडाखाली ठेवून घरी आलो, अन् दुपारी झाली. जूनमधी मोह पडते काय, गुरुजी?"

"अगं, त्यानं काय बिघडतं?"

"मंग बिघडत नसन तं खरं लिवा."

गुरुजींनी खोडून वीस मार्च लिहिले. त्या पानावर खाडाखोड असलेली तेवढी एकच नोंद होती, आणि खरीही बहुधा तेवढीच.

पुढे दुर्गाच्याच पाटीवर मंगली सही करायला शिकली. सवय मात्र सुटली नाही. कागद कुणाचाही असो, आधी मोठ्याने वाचून घ्यायची, मग पेन हातात. रेशनवाला वैतागायचा. ग्रामसेवक तिला येताना पाहून खुर्ची मागे सरकवायचा.

अशा बाईला टोल्याने वनहक्क समितीवर घेतले, आणि दोन वर्षांनी प्रकल्प आला. जंगलावरचा गावाचा हक्क कायद्याने मानला होता, पण तो मागायचा कसा, हे खेड्यांना उमगत नव्हते. नियम सोपे करा असे सरकारला सुचवायचे आणि त्यासाठी गावांचे नमुना दावे तयार करायचे, हे प्रकल्पाचे काम. पैसा परदेशी मदतीचा. प्रकल्पाचा कार्यकर्ता, गोंदियाचा हिमांशू, मोटारसायकलवर यायचा. पोरगा मनापासून राबायचा. त्याने कायद्याची पिवळी पुस्तिका घरोघरी वाटली. बहुतेक घरांत ती आढ्याला खोचली गेली. मंगलीने दुर्गाकडून ती तीनदा वाचून घेतली.

मार्चअखेर प्रकल्प संपणार होता. त्याआधी मदत देणाऱ्या देशाची एक बाई टोल्यावर आली. शाळेपुढे मांडव पडला. ग्रामसभेने दावा मंजूर करायचा, समितीने सह्या करायच्या, फोटो व्हायचे, असे ठरले होते. पेन मंगलीपर्यंत आले.

"नकाशा वाच," ती हिमांशूला म्हणाली.

हिमांशूने हद्दीच्या रेघेवरून बोट फिरवले. रेघ नाल्यापाशी थांबली.

"पलीकडची मोहाची झाडं कुठी गेली?"

"मंगलीताई, त्या पट्ट्यावर वनखात्याची हरकत आहे. तो धरला तर फाईल लटकेल. पहले इतना तो होने दो, बाकीचं नंतर बघू."

"नंतर कोण पाहणार? तू राहशील काय?"

मागून तिचा नवरा बिसराम ओरडला, "करून दे ना वो सही! पाहुणे उन्हात आले, तू कायले ताणून राहिली?"

"तुमी नका बोलू. तुमाले मोह बाटलीतच भेटते. झाडाखाली कधी गेले काय?"

बायका हसल्या. परदेशी बाईने दुभाष्याकरवी विचारले, झाडे किती आहेत?

"सत्तेचाळीस. कोणतं झाड कोणतं घर वेचते, ते बी सांगतो. नाल्याकाठचं जोडझाड योगराजच्या बुढ्या मायचं. वरचं वाकडं आमचं. दरसाल फागुनात ज्याचा तो आपल्या झाडाखालचा पाला झाडते."

"हे कुठे लिहिलेलं आहे?"

"आमच्यात लिवत नाई. पण तुमच्या पुस्तकात लिवून आहे, म्हाताऱ्या माणसाचा जबाब पुरावा होते म्हणून." मंगलीने पिशवीतून पिवळी पुस्तिका काढली. पान दुमडलेले होते. "बुढी बसून आहे थे समोर. घ्या जबाब."

बाईने पान पाहिले. तुझे बरोबर आहे, ती म्हणाली, पण आता आमच्याकडे वेळ उरलेला नाही.

"आमच्याकडे आहे," मंगली म्हणाली आणि पेन टोपण लावून परत दिले.

गाड्या गोंदियाला निघून गेल्या. शेजारच्या गावांचे दावे वादाचे तुकडे गाळून पुढे सरकले, दोन गावांना हक्कपत्रही मिळाले. टोल्यावर बोलणी सुरू झाली. हातपंपावर मंगलीची जाऊ मंजू तिच्या तोंडावरच म्हणाली, "तुह्या सत्तेचाळीस झाडापायी साऱ्याचंच गेलं. नाल्याअलीकडचं तरी भेटलं असतं."

मंगलीला ते लागले. मंजूचे सगळेच खोटे नव्हते. तरी घागर उचलत ती म्हणाली, "मोह तं तू बी तिकडेच वेचतेस. उद्या कोणी झाडं हिसकून घेतली तं भांडता येईन. म्या सही करून देल्ली असती, तं कोणत्या तोंडानं भांडतो?"

दुसऱ्या दिवशीपासून तिने नव्या दाव्यासाठी जंगलाची हद्द पायी चालून नोंदवायला घेतली. पहिल्या दिवशी तीन बायका होत्या, आठवड्याने एकोणीस. मंजूही आली, बोलली मात्र नाही. योगराजच्या आईचा जबाब तीन दिवस चालला. म्हातारी मध्येच झोपायची. गोंदियाला शिकणाऱ्या दुर्गाने सुटीत तो लिहून काढला. एका रविवारी हिमांशू आला. प्रकल्प संपला होता, त्याची नोकरीही.

"हद्द मोजायचं जीपीएस मशीन उसनं आणलंय," तो म्हणाला. "चला, नाल्यापलीकडे."

नवा नकाशा झाला. त्यावर मंगलीने पहिली सही केली, वाचून घेऊनच.

दावा उपविभागीय कार्यालयातून दोनदा परत आला. एकदा एक पान कमी म्हणून, एकदा जबाब साध्या कागदावर आहे म्हणून. दुसऱ्या वेळी मंगलीने टेबलावर पिवळी पुस्तिका ठेवली आणि साहेबांना ते पान मोठ्याने वाचायला लावले. तिसऱ्यांदा कागद ठेवून घेतले, पोच मिळाली.

दावा अजून मंजूर झालेला नाही. मंगली आता एक्कावन्न वर्षांची आहे, आणि यंदाच्या मार्चात तिने नाल्यापलीकडे अठरा दिवस मोहफुले वेचली.