कुलुपांच्या आधीची झडती

बोईसरच्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली पत्र्याच्या टपालपेट्यांची एक रांग होती. त्यांची झाकणे मी राहायला येण्यापूर्वीच निखळलेली होती आणि ती पुन्हा बसवावीत असे कोणाला वाटले नव्हते. रीतच अशी पडली होती की, जो आधी खाली उतरेल त्याने आपल्या मजल्याचे सगळे टपाल उचलावे आणि वर येताना ज्याचे त्याच्या दाराखालून आत सरकवावे. शेजाऱ्यांशी आपणहून बोलायला मी सहसा धजत नाही. परंतु कोणाचे विम्याचे पाकीट त्याच्या उंबऱ्याआत सरकवताना आपणही या घरांपैकीच एक आहोत, असे मला वाटत असे.

मग पाकिटे नाहीशी होऊ लागली. आधी कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. पुढे माझ्या पत्नीचे बँकेचे नवे कार्ड आले नाही. चौकशी केली तेव्हा बँकेने सांगितले की, कार्ड पाठवले आहे आणि परत आलेले नाही. मी ते सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर घातले. ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात आहेत. कामाला तत्पर, सरळ माणूस. त्यांनी त्याच रविवारी खाली, गाड्या लावतो त्या जागेत, सभा बोलावली.

सभेत बोट कोणाकडे वळणार हे आधीच ठरल्यासारखे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत उत्तरेकडचे चार कामगार राहतात. कुंभवलीच्या बाजूच्या एका कापड गिरणीत ते पाळ्यांनी काम करतात, त्यामुळे इमारत रिकामी असते तेव्हा जिन्यात त्यांचीच जा-ये असते. एवढा पुरावा सर्वांना पुरेसा वाटला. आत्ताच त्यांच्या खोलीची झडती घ्यावी. काही सापडो वा न सापडो, महिनाअखेर खोली रिकामी करून घ्या असे मालकाला कळवावे. आणि टपालासाठी कुलपाच्या नव्या पेट्या आणून त्या फक्त सभासदांना द्याव्यात, असा ठराव सेक्रेटरींनी मांडला. बोईसरमध्ये अशा चौघांना एकत्र खोली मिळणे किती कठीण आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. माझ्या तक्रारीवरून त्यांचे बिऱ्हाड रस्त्यावर येणार होते.

ते चौघे मागे, मोटारसायकलींपाशी उभे होते. त्यांच्यातला वयाने मोठा पुढे आला.

"देख लीजिए, साहब. अभी देख लीजिए," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला त्याच्याकडे पाहवेना.

आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष तळमजल्यावरच्या मावशी आहेत. किनाऱ्यावरच्या मच्छीमार घराण्यातल्या. मुलाच्या नोकरीमुळे इकडे आल्या, तरी सुक्या मासळीची पाटी घेऊन अजून बाजारात बसतात. अध्यक्षपद दुसरे कोणी घेईना म्हणून त्यांच्या गळ्यात पडले होते, आणि सभांमध्ये त्या बहुधा ऐकण्याचेच काम करीत. त्या दिवशी त्या खुर्चीवरून उठल्या.

"झडती घ्यायची तर घेऊ," त्या म्हणाल्या. "पन पहिली माझी."

लोक हसले. "मावशी, तुमच्यावर कोण संशय घेणार?" एकाने विचारले. "फार तर बोंबील लपवाल."

"कोन घेनार नाय, म्हनूनच पहिली माझी. आमच्या बंदरावर सुकत घातलेल्या मासळीतलं काय गेलं, तर बायांच्यात जिचा शबुद चालतो तिची पाटी पहिली उलटी करतात. ती झाल्याबिगर दुसरीच्या पाटीला हात नाय लावायचा. चला सेक्रेटरी. आनि सर, वस्तू तुमची गेलीय, तुमी पन या."

मी गेलो, कारण नाही म्हणण्याइतकेही धैर्य माझ्यात नव्हते. अर्धी सभा दारात उभी राहिली. मावशी एकेक डबा उघडून समोर धरू लागल्या.

"हे सोडे. वास घ्या नीट, पाकिटाचा वास येतो का बघा."

सेक्रेटरी ओशाळून म्हणाले, "मावशी, पुरे."

"पुरे कसं? कपाट रायलं."

कपाटाच्या खालच्या खणात तीन नव्या साड्या निघाल्या, दुकानातल्या पिशवीत होत्या तशाच. मावशींची सून दारातूनच म्हणाली, "आई, मी दिलेली ती जांभळी तुम्ही भाचीच्या लग्नात नेसला होतात ना?"

मावशींचा हात थबकला. "जपून ठेवल्यात गं."

"मला म्हणालात, सगळ्यांनी विचारलं कुठून घेतली म्हणून."

दारातले लोक हसले. सून मात्र हसली नाही. मावशींचा चेहरा उतरला. तरीही त्यांनी कपाट बंद करू दिले नाही. साड्या उचलून मागची भिंत दाखवली आणि नंतर स्वतःच पलंगाखालची पेटी ओढून काढली. तिच्यात काय होते ते मी येथे लिहिणार नाही. ते कोणाचे चोरलेले नव्हते, आणि आम्ही दोघांनी ते पाहायला नको होते. दारातले हसू तोवर थांबले होते.

बाहेर येऊन मावशींनी पदराने कपाळ पुसले. "आता सेक्रेटरींकडं. मंग सरांकडं. असं वर जाऊ. त्या पोरांचा नंबर येल तवा येल."

सेक्रेटरींनी आपल्या पत्नीकडे पाहिले. त्या केव्हाच जिना चढू लागल्या होत्या. "मावशी, आज आईंना बरं नाही…" ते चाचरत म्हणाले.

"मंग उद्या. मी थांबते. पन तवर वरच्या खोलीची पायरी कोन चढनार नाय. आनि मालकाला कागद बी जानार नाय."

प्रत्येक जण बहुधा मनातल्या मनात आपल्याच घरातले कपाट उघडून पाहत होता. तेव्हा मी म्हणालो, "कार्ड माझ्या घरचे गेले आहे. मला कोणाचीच झडती नको." माझा आवाज इतका खाली होता की मागच्यांनी "काय म्हणाले?" असे विचारले आणि मला ते वाक्य पुन्हा म्हणावे लागले.

सेक्रेटरींनी ठराव तिथेच मागे घेतला. या माणसाविषयी माझा आदर त्या दिवशी कमी झाला नाही, उलट वाढला. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते स्वतः बाजारात जाऊन नव्या पेट्या घेऊन आले. लांब पाकीट आत जाईल पण हात जाणार नाही, अशी फट त्यांनी पारखून घेतली होती. दार स्वतःचे असो वा भाड्याचे, प्रत्येक दाराला एक पेटी. टपाल कोण नेत होते ते आम्हाला अद्याप कळलेले नाही. कुलुपे लागल्यापासून ते जाईनासे झाले, एवढे खरे. दाराखालून पाकिटे सरकवण्याची रीतही त्यांबरोबर संपली, याची मला हळहळ वाटते. पण ती हळहळ कुलुपांवरचा आक्षेप नव्हे.

चाव्या वाटल्या त्या संध्याकाळी चौघांपैकी तो मोठा मावशींच्या दाराशी आला. त्यांच्या पेटीच्या दोन चाव्यांपैकी एक त्याने पुढे केली.

"मौसी, एक आप रख लीजिए. कल को फिर कोई बात हुई तो आप खोल के देख लेना."

"नय रखनेका," मावशी म्हणाल्या. "तुमारा घर, तुमारी चावी. मेरेको काय को देखनेका?" आणि त्यांनी त्याची मूठ मिटवून त्याच्याच छातीकडे ढकलली.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी मी फिरायला निघालो, तेव्हा तो पेटीपाशी उभा होता. त्याने कुलूप काढले, आत पाहिले. पेटी रिकामी होती. त्याने ती बंद केली, कुलूप एकदा ओढून पाहिले, मला नमस्कार केला आणि पाळीला गेला.